काकाडू : शैलचित्रे आणि मगरींचा मुलूख

ठिकाण : काकाडू राष्ट्रीय उद्यान, नॉर्दर्न टेरिटरी, ऑस्ट्रेलिया. डार्विनच्या पूर्वेला, क्षेत्रफळ सुमारे २०,००० चौ. किमी.

स्थापना : १९७९. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८१ पासून. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर.

मूळ मालक : उत्तरेत बिनिंज, दक्षिणेत मुंगुय. उद्यानाचा कारभार सरकार आणि मूळ मालक मिळून पाहतात.

शैलचित्रे : उबिर आणि बुरुंगकुय (नूरलँजी) येथे. गेरू, पांढरी माती, कोळसा यांचे रंग. ‘क्ष-किरण शैली’त माशांची हाडे व आतले अवयवही रेखाटलेले असतात. चित्रांना हात लावू नये.

दोन मगरी
- खाऱ्या पाण्यातली : नर ६ मीटरपर्यंत, रुंद जबडा. नदी, पाणथळ, समुद्र सगळीकडे वावर. माणसासाठी प्राणघातक. भारतात ओडिशातील भितरकनिकात हीच जात. कृष्णेतली मगर वेगळी.
- गोड्या पाण्यातली : बहुधा ३ मीटरपेक्षा लहान, निमुळते तोंड. डिवचल्यास चावते.

ऋतू : बिनिंज-मुंगुय दिनदर्शिकेत सहा. पर्यटकांसाठी मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ सोयीचा. पावसाळ्यात अनेक रस्ते पाण्याखाली जातात.

खबरदारी : मगरीच्या इशाऱ्याचे फलक पाळा. काठापासून दूर राहा. फलक नसला, तरी पाणी सुरक्षित समजू नका.