हॅम, हाड आणि साठ दिवस

ख्रिसमसची पार्टी संपते, पाहुणे जातात आणि फ्रिजमध्ये उरतं एक भलंमोठं हाड. ते कचऱ्यात टाकणार असाल तर जरा थांबा!

‘हे घरातून बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता!’

२६ डिसेंबर २०२२ची सकाळ. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कोलंबस शहर. ताई, म्हणजे माझी मावसबहीण, फ्रिजचं दार उघडून उभी होती आणि जिजू फॉइलमध्ये गुंडाळलेल्या हॅमकडे बोट दाखवत होते. बिच्चाऱ्या हॅमने काय घोडं मारलं होतं? सांगते.

जिजूंच्या कंपनीत डिसेंबर आला की प्रत्येकाला हॅमचं व्हाउचर मिळायचं. आपल्याकडे दिवाळीला सोनपापडीचा डबा देतात ना, अगदी तस्सं. त्या वर्षी व्हाउचर आलं आणि आठवड्याभरात नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, लॅपटॉप लॉक, खेळ खल्लास. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की तिथे राहून दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. नाहीतर गाशा गुंडाळा. ताईने फ्रिजवर कॅलेंडर चिकटवलं होतं आणि रोज रात्री त्यावर एक लाल फुली पडत होती. माझं तिकीट उन्हाळ्यातच काढलेलं, त्यामुळे मी आपली सुट्टीच्या मूडमध्ये पोचले, तेव्हा सहा फुल्या झाल्या होत्या.

जिजू म्हणत होते, ते हॅम आणायचंच नाही. पण पार्टीची आमंत्रणं आधीच गेली होती आणि ताई म्हणाली, ‘व्हाउचर तुझ्या कामाचं आहे. सोडायचं कशाला?’ आलं मग चार किलोचं धूड घरी.

हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी. मिठात मुरवलेली, बहुतेक वेळा धुरी दिलेली. तिकडे ती शिजवलेलीच मिळते. घरी फक्त गरम करायची आणि वर मध किंवा ब्राउन शुगर चोपडायची. वर ‘स्पायरल कट’, म्हणजे हाडाभोवती गोल गोल कापून तयार. हे मशीन हॅरी होनसेलार नावाच्या माणसाने शोधलं आणि १९५७मध्ये त्याच्या जोरावर चक्क कंपनी काढली! आमच्या घरी रविवारी मटण, श्रावण कडक आणि पोर्क म्हणजे फक्त गोव्याला गेल्यावर. त्यामुळे पार्टीत सगळ्यांनी कौतुकाने दोन दोन तुकडे घेतले आणि भरपूर मांस लागलेलं हाड तसंच उरलं.

तर ताई काळी गार्बेज बॅग घेऊन दारापर्यंत गेली. दोनच दिवसांपूर्वी थंडीची जबरदस्त लाट येऊन गेलेली, बाहेर हाडं गोठवणारा गारठा. दारात शेजारच्या बाई उभ्या! सत्तरीच्या, चिवड्याचा रिकामा डबा परत द्यायला आलेल्या. बॅगेत काय आहे ते कळल्यावर त्या जवळजवळ किंचाळल्याच. हाड टाकताय? अहो, हॅम आणायचं तेच मुळी हाडासाठी!

त्या यंगस्टाउनच्या. पोलादाच्या कारखान्यांचं गाव. सप्टेंबर १९७७मध्ये तिथला मोठा कारखाना बंद झाल्याची बातमी आली आणि हजारो लोक घरी बसले, त्यांत बाईंचे मिस्टरही. त्या हिवाळ्यात सूपच्या मोठ्या पातेल्याने आपल्याला तारलं, असं त्या अगदी सहज सांगून गेल्या. जिजू सोफ्यावरून उठून किचनमध्ये आले ते तेव्हा. तोपर्यंत दहा दिवस ते कुणाशी धड बोललेच नव्हते.

मग काय, बाईंनी बाह्या सरसावल्या. आधी हाडावरचं मांस सोडवून बाजूला ठेवलं. मोठ्या पातेल्यात हाड, तीनेक लिटर पाणी, कांदा, तमालपत्र, मिरी. अगदी मंद आचेवर दीड तास. हाडाजवळच्या शिरा आणि कूर्चा यांतल्या कोलॅजनचं सावकाश जिलेटिन होतं आणि त्यानेच सूपला अंग येतं. आपल्या पाया सूपचा फंडाही हाच. मग त्यात गाजर, सेलरी आणि एका पौंडाचं, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचं, हिरव्या वाटाण्याच्या डाळीचं पाकीट. डाळ भिजवायची भानगड नाही. तासाभरात ती विरघळते, फक्त तळाला लागू नये म्हणून ढवळत राहायचं. मांसाचे तुकडे अगदी शेवटी, नाहीतर चोथा होतो.

आणि मीठ? अजिबात नाही! ताईचा हात सवयीने बरणीकडे गेलाच आणि बाई काही बोलायच्या आत चमचाभर मीठ पडलं. मग आणखी पाणी, आणखी डाळ आणि जिजू बर्फात गाडी काढून दुकानात. (दहा दिवसांत पहिल्यांदाच घराबाहेर!) हॅमचं मीठ पाण्यात उतरतं, त्यामुळे सगळं झाल्यावर चाखूनच ठरवायचं. लिंबूही शेवटी. आंबट आधी घातलं की डाळ शिजता शिजत नाही, हे आमटीत आमसूल टाकणाऱ्या आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

हे सूप गरिबाघरचंच आहे असंही नाही हं. वॉशिंग्टनला सिनेटच्या डायनिंग रूममध्ये पांढऱ्या बीन्स आणि हॅमच्या हाडांचं सूप रोजच्या मेन्यूवर असतं. १४ सप्टेंबर १९४३ला युद्धाच्या रेशनिंगमुळे बीन्स कमी पडल्या आणि सूप झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी!

आमचं पातेलं तीन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी ताईने वरून जिरं, लसूण आणि सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी दिली. बाई दोन वाट्या प्यायल्या आणि नाक पुसत पुसत घरी गेल्या. उरलेलं डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांपलीकडे ठेवायचं नाही, आणि गरम करताना चांगली उकळी फुटू द्यायची. पुण्या-मुंबईत करायचं तर कोल्ड स्टोरेजवाल्याला ख्रिसमसच्या आधीच हाडासकट हॅमसाठी सांगून ठेवा. नुसत्या स्लाइस घालून ती मजा नाही.

मी जानेवारीत परतले. चव्वेचाळिसाव्या फुलीला दुसऱ्या शहरातून ऑफर आली, छप्पन्नाव्या दिवशी व्हिसाचे कागद दाखल झाले. सामान बांधताना फ्रीझर रिकामा करायचा होता, तेव्हा शेवटचे दोन डबे खोक्यांवर बसून संपवले, असं ताई फोनवर म्हणाली.

नव्या कंपनीत डिसेंबरला हॅम देत नाहीत, गिफ्ट कार्ड देतात. जिजू आता स्वतःच्या पैशाने हॅम आणतात. दुकानदाराला आधी विचारतात, ‘हाड आहे ना?’