पहिली महिला हॉकी लीग आणि मोहोळच्या शाळेचे मैदान

भारतात पुरुषांची हॉकी इंडिया लीग 2013 साली सुरू झाली, पाच हंगाम चालून 2017 नंतर बंद पडली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. या पाच हंगामांच्या काळात महिलांसाठी मात्र अशी स्पर्धा एकदाही भरली नव्हती. ही उणीव 12 ते 26 जानेवारी 2025 या पंधरवड्यात रांची येथे झालेल्या पहिल्या महिला हॉकी इंडिया लीगने भरून काढली. तिचा अंतिम सामना सातारा जिल्ह्यातील ऋतुजा दादासो पिसाळ या खेळाडूच्या दोन गोलांनी निकाली निघाल्यामुळे या हंगामाचा विचार महाराष्ट्रातील, विशेषतः साताऱ्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील वाचकाने थोडा जवळून करावा, असे त्याचे महत्त्व आहे.

लीग या स्पर्धाप्रकारात संघ राज्यांचे किंवा संस्थांचे नसतात. ते खाजगी मालकांचे असतात आणि मालक ठरावीक रकमेच्या मर्यादेत लिलावातून खेळाडू निवडतात. महिलांचा लिलाव 15 ऑक्टोबर 2024 रोजी नवी दिल्लीत झाला. त्यात प्रत्येक संघाला खर्चासाठी 2 कोटी रुपयांची मर्यादा होती आणि खेळाडूंची मूळ बोली 2, 5 किंवा 10 लाख रुपये अशी ठेवलेली होती. चोवीस खेळाडूंच्या संघात सोळा भारतीय आणि आठ परदेशी अशी विभागणी होती, आणि भारतीयांमध्ये किमान चार कनिष्ठ वयोगटातील असल्या पाहिजेत, अशी अट होती. सर्वाधिक, म्हणजे 32 लाखांची बोली बचावपटू उदिता दुहान हिच्यावर लागली, तर परदेशी खेळाडूंमध्ये नेदरलँड्सची यिब्बी यान्सन 29 लाखांना ओडिशा वॉरियर्सकडे गेली. मूळ बेत सहा महिला संघांचा होता. प्रत्यक्षात ओडिशा वॉरियर्स, जेएसडब्ल्यू सूरमा हॉकी क्लब, दिल्ली एसजी पायपर्स आणि श्राची राढ बंगाल टायगर्स असे चारच संघ मैदानात उतरले. प्रत्येक संघ इतर तिघांशी दोनदा खेळला आणि गुणतक्त्यातील पहिल्या दोघांमध्ये अंतिम सामना झाला.

सारे सामने ज्या मैदानावर झाले त्याचे नाव मरांग गोमके जयपालसिंग मुंडा अ‍ॅस्ट्रोटर्फ स्टेडियम असे असून, 1928 च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघाचे कर्णधार असलेल्या झारखंडच्या आदिवासी नेत्याच्या स्मरणार्थ ते देण्यात आले आहे. याच मैदानावर 2024 च्या जानेवारीत ऑलिंपिक पात्रता स्पर्धेतील तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत भारतीय महिला जपानकडून एका गोलाने हरल्या होत्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवलेला हा संघ त्या पराभवाने पॅरिसला जाऊ शकला नाही, आणि पुढच्याच महिन्यात मूळच्या नेदरलँड्सच्या यानेके शॉपमन यांनी भारतीय संघाचे प्रशिक्षकपद सोडले. वर्षभराने त्याच शॉपमन ओडिशा वॉरियर्सच्या प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर परतल्या आणि विजेतेपद घेऊन गेल्या. अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी सूरमा संघाचे प्रशिक्षकपद भारताचे माजी गोलरक्षक, मुंबईचे ज्यूड मेनेझिस यांच्याकडे होते.

अंतिम सामन्याकडे वळण्यापूर्वी खेळाची रचना ध्यानात घेतली, तर त्याचा ताण अधिक कळतो. हॉकीचा सामना पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत, म्हणजे एकूण साठ मिनिटांत खेळला जातो. गोलसमोर अर्धवर्तुळासारखा आखलेला जो भाग असतो त्याला खेळाडू ‘डी’ म्हणतात आणि त्या भागातून आक्रमक खेळाडूच्या स्टिकचा स्पर्श होऊन गेलेला चेंडूच गोल धरला जातो. बचाव करणाऱ्या संघाने डीमध्ये नियमभंग केला, तर बहुधा पेनल्टी कॉर्नर मिळतो. त्यात अंत्यरेषेवरून ढकललेला चेंडू डीच्या टोकाशी थांबवून गोलकडे मारला जातो आणि बचावासाठी गोलरक्षकासह केवळ पाच खेळाडूंना उभे राहता येते. चेंडू स्टिकवर ओढत नेऊन वेगाने उचलून फेकण्याच्या पद्धतीला ड्रॅगफ्लिक म्हणतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नऊ गोल करून महिलांत सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारी यान्सन ही या फटक्यातील आजच्या काळातील अग्रगण्य खेळाडू आहे आणि ऋतुजा पिसाळ तिच्याच संघातून खेळत होती.

26 जानेवारीच्या अंतिम सामन्यात ऋतुजाने विसाव्या मिनिटाला ओडिशाला आघाडी मिळवून दिली आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या पेनी स्क्विबने सूरमाला बरोबरीवर आणले. त्यानंतर जवळजवळ दोन सत्रे दोन्ही संघ एकमेकांना रोखून होते, आणि खेळ संपायला चार मिनिटे उरली असताना ऋतुजानेच दुसरा गोल करून 2-1 असा निकाल लावला. विजेत्या संघाला दीड कोटी रुपये मिळाले. याच हंगामात सूरमा संघाच्या ताफ्यात वैष्णवी विठ्ठल फाळके होती, जी सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील आसू गावची आहे. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशिया चषक स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला 4-2 असे हरवले, तेव्हा भारताचा पहिला गोल वैष्णवीचा आणि शेवटचा ऋतुजाचा होता. भारत त्या स्पर्धेत उपविजेता ठरला.

एकाच जिल्ह्यातील दोन मुली राष्ट्रीय संघापर्यंत पोचतात, त्यामागे अंगच्या गुणांइतकीच व्यवस्थाही असते. महाराष्ट्र शासनाने 1996 पासून चालवलेल्या क्रीडा प्रबोधिनी या निवासी योजनेत लहान वयातील मुलामुलींची शारीरिक चाचण्यांतून निवड होते आणि राहणे, शिक्षण, आहार व प्रशिक्षण एकाच ठिकाणी मिळते. पुण्याच्या बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडासंकुल हे तिचे प्रमुख केंद्र आहे. हॉकीला अशा केंद्राची गरज इतर खेळांपेक्षा अधिक भासते, कारण वरच्या पातळीवरचा सारा खेळ आता कृत्रिम पृष्ठभागावर, ज्याला सर्वसाधारणपणे टर्फ म्हणतात त्यावर होतो. त्यावर पाणी मारल्याने चेंडू सरळ आणि वेगाने धावतो, तर मातीच्या मैदानावर तोच चेंडू उसळतो व दिशा बदलतो. मातीवर तयार झालेली मुलगी चेंडू अडवायला शिकलेली असते, पण टर्फवरच्या वेगाची सवय तिला टर्फवर खेळूनच होते. महाराष्ट्राच्या महिला संघाने 2024 साली पिंपरीच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर झालेल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उपविजेतेपद मिळवले, त्यामागेही टर्फ आणि निवासी प्रशिक्षण यांची हीच जोड मानावी लागेल.

महाराष्ट्राला महिला हॉकीची परंपरा नवी नाही. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार एलायझा नेल्सन मूळच्या पुण्याच्या होत्या. मात्र त्या काळात खेळाडूचा आधार म्हणजे रेल्वेसारख्या सरकारी खात्यातील नोकरी असे, आणि लीगने त्यात खेळाच्या मोबदल्याची भर घातली. हा मोबदला किती तोकडा आहे, हे क्रिकेटशी तुलना करता दिसते. माळशिरस तालुक्यातील मिरे येथे जन्मलेल्या किरण नवगिरे हिला 2023 च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात यूपी वॉरियर्सने 30 लाखांना घेतले होते, म्हणजे हॉकीच्या पहिल्या लिलावातील सर्वांत महागड्या खेळाडूच्या जवळपास इतकी रक्कम एका नवोदित क्रिकेटपटूला मिळाली. त्याच लिलावात स्मृती मानधना हिच्यावर 3 कोटी 40 लाखांची बोली लागली, जी हॉकीतील एका संपूर्ण संघाच्या खर्चमर्यादेपेक्षाही अधिक होती.

या लीगचा पाया अजून भक्कम झालेला नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. सहाऐवजी चार संघांवर पहिला हंगाम उरकावा लागला, आणि 2025 च्या डिसेंबरअखेर सुरू झालेल्या दुसऱ्या हंगामात विजेता ओडिशा वॉरियर्स संघच नव्हता. त्याच्या जागी रांची रॉयल्स आला. संघ असे येत-जात राहिले, तर गावाकडच्या प्रेक्षकाला एखाद्या संघाशी नाते जोडता येत नाही आणि खेळाडूलाही पुढच्या वर्षाची खात्री राहत नाही. पंधरवडाभराची स्पर्धा वर्षभराच्या सरावाची जागा घेऊ शकत नाही, ही तिची दुसरी मर्यादा होय. तरीही कनिष्ठ गटातील मुलीला ऑलिंपिक विजेत्या खेळाडूंबरोबर एकाच संघात सराव करण्याची जी संधी येथे मिळाली, ती यापूर्वी भारतात नियमितपणे कुठेही उपलब्ध नव्हती, आणि याच निकषावर पहिला हंगाम यशस्वी ठरतो.

मोहोळच्या दृष्टीने पाहता, वैष्णवीच्या फलटणहून बरडमार्गे ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि पंढरपूरला पोचते. पंढरपूरला लागूनच मोहोळ तालुका आहे. फलटण आणि मोहोळ येथील शेती, शाळा आणि कुटुंबांची परिस्थिती यांत असा फरक नाही की एका बाजूच्या मुलीला हॉकी जमावी आणि दुसरीला जमू नये. शासनाच्या शालेय क्रीडास्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात, सोलापूर जिल्हा त्यात पुणे विभागात मोडतो, आणि शाळकरी वयातील मुलींसाठी नेहरू हॉकी स्पर्धेचा मार्गही खुला असतो. त्यासाठी पहिल्या टप्प्यावर टर्फ लागत नाही. सपाट मैदान, स्टिक व चेंडू, खेळाचे नियम जाणणारा क्रीडाशिक्षक आणि गुणी मुलीला वेळेत प्रबोधिनीच्या चाचणीला पाठवणारे पालक एवढी सामग्री पुरेशी असते. मोहोळ तालुक्यातील शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी येत्या शैक्षणिक वर्षात मुलींचा किमान एक हॉकी संघ उभा करून तो शालेय स्पर्धेत उतरवावा. लीगच्या पुढच्या लिलावांत सोलापूर जिल्ह्याचे नाव यायचे असेल, तर सुरुवात इथूनच करावी लागेल.