ओलीचे देणे

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई-परळी भागातील शेतकरी कुटुंबे लेकराबाळांसह दिवसभर शेतात असतात. या सणाला वेळ अमावस्या, बोलीत येळवस म्हणतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी, म्हणजे लहानसे खोपट, रचली जाते. आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून लक्ष्मीसह त्यांची पूजा होते आणि भज्जी, उंडे, खीर व आंबील यांचा नैवेद्य दाखवला जातो. भज्जी ही तूर, वाल, हरभरा यांचे ओले दाणे व पालेभाज्या बेसनात एकत्र शिजवून केलेली भाजी, तर आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाचे ताकातले आंबट पेय. पूजेनंतर हीच आंबील उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरी घातली जाते.

या पूजेचा काळ अर्थपूर्ण आहे. रब्बीची ज्वारी तेव्हा शेतातच उभी असते, धान्य खळ्यावर आलेले नसते; म्हणून हे आभार पदरात पडलेल्या मापाचे नव्हेत. पर्जन्यछायेतल्या, म्हणजे सह्याद्रीने ढग अडवल्याने कमी पावसाच्या या प्रदेशात कोरडवाहू ज्वारी परतीच्या पावसानंतर मुख्यतः काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. नांगरट, पेरणी, खुरपणी माणसाची खरी, पण ती ओल त्याने आणलेली नसते, हे शेतकऱ्याला दरवर्षी डोळ्यांनी दिसते आणि ती ओल देणाऱ्याला तो देव म्हणतो. याला दैववाद म्हणणे चूक आहे, कारण कष्टात कसूर न करणाराच येथे हात जोडतो.

अंबाजोगाईचे दासोपंत (1551–1615) यांनी ज्या गीतेवर ‘गीतार्णव’ हा प्रचंड ग्रंथ रचला, तिच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले त्यांना अर्पण न करता एकट्याने भोगणाऱ्याला चोर ठरवले आहे. येळवशीला हा विचार पंगतीत उतरतो: नैवेद्यानंतर गावातले बिनशेतीचे शेजारी, शहरातले पाहुणे आणि बांधावरून जाणारा अनोळखी वाटसरूही जेवायला बसवला जातो. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे गेलेल्या बीडच्या असंख्य कुटुंबांची मात्र ही अमावस्या परक्या फडातच सरते.