खोदाई गेली, केटलबेल आली

2015च्या सिंहस्थाची तयारी सुरू होती तेव्हा त्र्यंबकमध्ये गावभर खोदाई चालली होती. आमच्या तालमीतली खोदाई मात्र त्याच सुमारास थांबली. लाल मातीचा हौद बुजवला आणि त्यावर गादी आली. माती कुणाला नकोशी झाली होती असं नाही. पण निवड चाचण्या गादीवर, राष्ट्रीय स्पर्धा गादीवर; मग पोरांनी सराव कशावर करायचा? पुढे 2020च्या जानेवारीत बालेवाडीला हर्षवर्धन सदगीरने नाशिकला महाराष्ट्र केसरीची गदा मिळवून दिली, तीही गादी विभागातून अंतिम फेरीत येऊन. त्यानंतर मातीच्या बाजूने भांडणारे आमच्याकडचे जुने लोक जरा नरमले.

गादीपायी काय गेलं ते कळायला मात्र बराच वेळ लागला. पूर्वी हौद उकरायचा, ढेकळं फोडायची, फावड्याने माती एका कडेकडून दुसऱ्या कडेला ओढायची, तेल, ताक, हळद घालून पुन्हा सारखी करायची. याला आम्ही व्यायाम म्हणतच नव्हतो. ते काम होतं, आणि बहुतेक वेळा उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला यायचं. व्यायाम म्हणजे जोर, बैठका, मुद्गल, करेल, दोर. आता मागे वळून हिशेब मांडला की दिसतं: जोरांनी छाती, खांदे, दंड होतात, बैठकांनी गुडघे नि मांड्या, मुद्गलाने खांदा मोकळा राहतो, दोराने ओढण्याचं बळ येतं. कमरेतून वाकून, पाठ ताठ ठेवून, मांड्यांच्या मागच्या आणि कुल्ल्यांच्या स्नायूंनी वजन वर आणायचं, हे एवढ्या सगळ्यात एकट्या फावड्याकडे होतं. कलाजंग मारायचा, म्हणजे जोडीदाराला खांद्यावर उचलून टाकायचं, तर नेमकं हेच लागतं. पोरांचे जोर तेवढेच निघत होते, पण जोडीदाराला उचलायची वेळ आली की पाठ गोल व्हायची.

ओढण्याच्या व्यायामाला नाशिक जिल्ह्यात कधी तोटा नव्हता. निफाडकडच्या कोठुऱ्याच्या बाळंभटदादा देवधरांची गोष्ट इथल्या पोरांना पाठच असते. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचं आव्हान त्यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात स्वीकारलं, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन राहिले आणि माकडांच्या कसरती पाहून त्यांना मल्लखांब सुचला. गोष्टीत आख्यायिका किती, हा वाद बाजूला ठेवू. मल्लखांब आजही आहे आणि खोदाई गेली, तीही कुणी हरकत न घेता. ज्याला नाव असतं त्याची परंपरा होते. मजुरीची कुणी करत नाही.

केटलबेल आमच्याकडे आली ती नाशिकमधल्या एका जिममध्ये काम करणाऱ्या जुन्या पोराच्या मोटारसायकलवरून. 16 किलोची, ओतीव लोखंडाची, वर जाड कडी. वस्तादांनी ती पायाने जरा ढकलून पाहिली. ‘‘हे कुठल्या गोदामाचं कुलूप उचलून आणलंस रे?’’

वस्तादांच्या कोपऱ्यात दगडी नाल होताच. मध्ये पोकळ, आत धरायला दांडा. तोही एका हाताने उचलायचा, तोही पेलायचा. ‘‘मग यात नवीन काय?’’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. नवीन होती ती कडी. नालाचं वजन मुठीभोवती असतं, केटलबेलचं मुठीच्या खाली लोंबतं. म्हणून ती दोन पायांमधून मागे नेता येते आणि कमरेच्या झटक्याने छातीपर्यंत झुलवता येते. शिवाय नाल एकच, ज्याला उचलेल त्याला उचलेल. केटलबेल 8, 12, 16, 20, 24 अशा पायऱ्यांनी मिळते.

ही मूळची रशियातली, धान्याच्या बाजारातलं वजन. वजन नेमकं सोळा किलोच का, याचं उत्तरही तिथलंच: पूड हे तिकडचं जुनं माप, साधारण 16.38 किलोचं. सेंट पीटर्सबर्गला डॉ. क्रायेव्‍स्की यांनी 1885 साली बलोपासकांचं मंडळ काढलं, त्यात ती व्यायामाला आली; बरोबर शंभर वर्षांनी सोव्हिएत संघात तिची राष्ट्रीय स्पर्धा झाली. अमेरिकेत पावेल त्सात्सुलिन यांनी 2000च्या आसपास तिचं वेड लावलं आणि तिथून ती आपल्या शहरी जिममध्ये उतरली. वस्तादांना यातलं काही पटवायला मला उलट्या दिशेच्या प्रवासाचा उपयोग झाला. आपले मुद्गल इंग्रजांनी विलायतेला नेले, तिथून ते अमेरिकेत पोचले आणि 1904 व 1932च्या ऑलिंपिकमध्ये चक्क मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती. ‘‘म्हणजे आपलं गेलं, त्यांचं आलं,’’ वस्ताद म्हणाले, आणि परवानगी मिळाली.

पहिले काही महिने वाया गेले म्हटलं तरी चालेल. बैठकांची सवय असलेला गडी स्विंग मारताना, म्हणजे केटलबेल झुलवताना, गुडघे पुढे घालून खाली बसतो. केटलबेल हाताने उचलली जाते आणि कंबर नुसती बघत राहते. व्हिडिओ दाखवून झाले, आरसा झाला. शेवटी वस्तादांनीच भिंतीला टेकलेलं फावडं हातात घेतलं आणि माती ओढल्याची नक्कल केली. ‘‘बसून कधी ओढली होती का माती?’’ जी पोरं हौदात राबली होती त्यांची कंबर लगेच मागे गेली. नंतर आलेल्यांना फावडंही शिकवावं लागलं.

दुसरी अडचण वेळेची. जोर-बैठका तेवढ्याच ठेवून वर स्विंग, क्लीन, टर्किश गेट-अप असं सगळं चढवलं तर कुस्तीला दम उरत नाही. बैठका कमी करा म्हणणं तालमीत जवळपास पाप. मी औंधच्या राजांचा दाखला देत असे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1897मध्ये सँडो या युरोपीय बलोपासकाची उपकरणं आणली, दहाएक वर्षं त्यांवर नेमाने व्यायाम केला आणि मग ती बाजूला ठेवून सूर्यनमस्कारांना वाहून घेतलं. उपकरण परकं की देशी यापेक्षा काय ठेवायचं नि काय सोडायचं हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर ठरवलं. अखेर आठवड्यातले तीन दिवस बैठका निम्म्या झाल्या आणि त्या जागी स्विंग आले.

केटलबेलने सगळं होतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. 2012च्या एका अमेरिकी प्रयोगात सहा आठवड्यांनंतर बारबेल उचलणाऱ्या गटाची स्क्वॉटमधली ताकद केटलबेलवाल्यांपेक्षा जास्त वाढली. उलट कोपनहेगनमध्ये 2011 साली चाळीस नोकरदारांवर झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं केटलबेल केलेल्यांचं मान-खांदे आणि कंबरेचं दुखणं आठ आठवड्यांत कमी झालं. दमसास मात्र वाढला नाही. आमचा अनुभव याच्या जवळचा आहे. पाठ सुधारली. दम अजूनही ब्रह्मगिरीच्या पायऱ्याच वाढवतात. स्नॅच, म्हणजे एका झटक्यात केटलबेल डोक्यावर नेणं, आम्ही सोडून दिला. मनगटावर आपटून काळंनिळं होणं आणि कुस्तीला त्याचा फायदा, यांचा मेळ बसेना.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदीत तालमी बंद झाल्या तेव्हा मात्र या लोखंडाची खरी किंमत कळली. गादी घरी नेता येत नाही, मल्लखांब उपटता येत नाही. केटलबेल घरोघरी वाटल्या गेल्या आणि ओसरीवर, गच्चीवर, कुणाच्या गोठ्यात चालू राहिल्या. परत आल्या त्या तांबूस होऊन. त्र्यंबकच्या पावसाळ्यात रंग न दिलेलं लोखंड आठवडाभरही टिकत नाही. आषाढ लागला की फडक्याने तेल लावायचं काम आता उशिरा येणाऱ्याकडे असतं.

आणखी एक बदल झाला, जो कुणी ठरवला नव्हता. लाल मातीत मुलींनी उतरायचं नाही हा आमच्याकडचा अलिखित नियम होता. गादीला तो नियम चिकटला नाही, केटलबेलला तर नाहीच. आधी एकीने भावाबरोबर येऊन कोपऱ्यात 8 किलोने सुरुवात केली, मग तिच्या मैत्रिणी आल्या. वस्ताद काही बोलले नाहीत, फक्त मुलींची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घेतली. आता 12 किलोच्या दोनच केटलबेल आहेत आणि त्यांच्यावरून रोज भांडण होतं. पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026ला आहे. त्या गर्दीत नाशिकहून सामान आणणं अवघड, म्हणून त्याआधीच आणखी दोन आणायच्या असं वस्तादांनी वहीत लिहून ठेवलंय.