हवाई प्रवास आणि प्रकृती – लेखांक ४ : निरोपाचे जेवण

गेल्या लेखांकात विमानाच्या कक्षातील हवेचा दाब आणि त्यामुळे कानांत बसणारे दडे यांचा विचार आपण केला. त्याच दाबाचा अंमल शरीराच्या ज्या दुसऱ्या पोकळीवर अधिक वेळ आणि अधिक निमूटपणे चालतो, त्या पोटाकडे आज वळावयाचे आहे. पोटाच्या प्रवासाची सुरुवात विमानतळावर होत नाही. ती घरी, निरोपाच्या पानावर होते.

दूरदेशी जाणाऱ्या माणसाला गोडधोड खाऊ घातल्यावाचून आणि निघताना त्याच्या हातावर दही ठेवल्यावाचून उंबरठा ओलांडू द्यावयाचा नाही, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्र उलटल्यावर सुटत असल्यामुळे रात्री आठच्या सुमारास पाने मांडली जातात, पुरणपोळी, तीवर तुपाची धार, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, भजी असा सारा थाट असतो, आणि “आता तिकडे कुठे मिळणार तुला?” असे म्हणत आणखी एक पोळी पानात पडते. जाणाऱ्याला नाही म्हणवत नाही, वाढणारीचा हात आवरत नाही, आणि पुन्हा भेट केव्हा व्हायची हा एकच विचार दोघांच्याही मनात, न बोलता, घर करून असतो. या मायेविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. माझे सांगणे एवढेच आहे की, हे जेवण आदल्या दिवशी दुपारी व्हावे.

त्याची कारणे पुरणातच आहेत. हरभऱ्याच्या डाळीत, आणि वाल, चवळी, राजमा यांतही, रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात, ज्यांचे विघटन करणारे विकर मनुष्याच्या लहान आतड्यात नसते. त्यामुळे त्या तशाच पुढे सरकत मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जीवाणू त्यांना आंबवून हायड्रोजन, कर्बद्विप्राणिल आणि काहींच्या बाबतीत मिथेन हे वायू निर्माण करतात. जेवल्यापासून मोठ्या आतड्याशी पोहोचावयास अन्नाला साधारणपणे सहा-आठ तास लागतात, आणि तूप मुबलक असेल तर जठर रिकामे व्हावयासच विलंब होऊन ती मुदत आणखी लांबते. आता हिशेब मांडावा : आठ वाजता खाल्लेल्या पुरणाचा वायू पहाटे दोन ते चारच्या दरम्यान, म्हणजे विमान नेमके उंचीवर पोहोचलेले असताना, तयार होऊ लागतो.

आणि तेथे त्याला पसरावयास मोकळीक मिळते. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून उडत असले तरी आतील हवा दाबयुक्त करून सहा ते आठ हजार फुटांवरील हवेसारखी ठेवलेली असते. कळसूबाईचा माथा, जो महाराष्ट्रातील सर्वांत उंच, तो ५,४०० फूट आहे. तेव्हा प्रवासी कळसूबाईहूनही उंच जागी तासन् तास बसलेला असतो, हे ध्यानात घ्यावे. आठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश उरतो, आणि रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडलेल्या नियमानुसार, तपमान तेच असता, दाब जितका घटेल तितके वायूचे आकारमान वाढते. सबब घरी तीन वाट्या भरेल एवढा वायू तेथे चार वाट्यांची जागा मागतो. ज्याला खातरजमा करून घ्यावयाची असेल त्याने घरून नेलेले चिवड्याचे मोहोरबंद पाकीट उड्डाणानंतर अर्ध्या तासाने पिशवीतून काढून पाहावे : निघताना सुरकुतलेले ते पाकीट टरारून फुगलेले आणि बोटाने दाबले असता कडक लागते. आतड्यांचेही तेच होते. पोट तडस लागल्यासारखे होणे, कमरपट्टा बोचणे, छातीत जळजळ, झोप न येणे या तक्रारी विमानातील जेवणाच्या माथी मारल्या जातात, पण पुष्कळदा त्यांचे मूळ घरच्या पंगतीत असते.

मग प्रवासाच्या दिवशी खावे काय? दुपारी नेहमीसारखे, पण उसळी, कोबी, फ्लॉवर आणि तळण वगळून जेवावे. विमानाच्या चार-पाच तास आधी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, किंवा मेतकूट-भात, किंवा ताकभात, एवढेच. मुगाची डाळ त्यातल्या त्यात सोसते. भिजवून पाणी फेकून दिल्यास आणखी सोसते. उपवास करणाऱ्यांनी मात्र साबुदाण्याची तूप-दाणेकूट घातलेली खिचडी हलकी समजू नये. एकादशीला दुप्पट खाण्याचा प्रकार येथे कामाचा नाही. अगदी उपाशीपोटी निघणेही बरे नव्हे, कारण दोन-तीन तास रांगांत उभे राहावयाचे असते. बरोबर घेण्यास दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्यांसारखी शिदोरी नाही : सांडत नाही, वास मारत नाही, दोन दिवस टिकते. दह्याची वाटी तपासणीत अडते, शंभर मिलिलिटरच्या वरचे काहीही पातळ पुढे जात नाही.

विमानातील जेवणाविषयी थोडक्यात. ते जमिनीवर शिजवून, झपाट्याने थंड करून, वर पुन्हा गरम केलेले असते. कोरडी हवा, कमी दाब आणि इंजिनांचा अखंड घोष यांमुळे जिभेला मीठ आणि साखर कमी जाणवते, म्हणून वरून मीठ घेऊ नये. अन्नात ते बहुधा पुरेसे असते. आणि शाकाहारी कुटुंबांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : ‘हिंदू भोजन’ या नावाने जे मागविले जाते ते अनेक विमान कंपन्यांत मांसाहारी असते, त्यात केवळ गोमांस नसते. शाकाहारासाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन’ असे स्पष्ट नोंदवावे, आणि तेही निदान एक-दोन दिवस आधी.

पाण्याचे मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथे आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया स्वतःवर अन्याय करून घेतात. कक्षातील हवेत आर्द्रता दहा-वीस टक्क्यांच्या आसपास असते. घसा, नाक, ओठ कोरडे पडतात. अशा वेळी शेजारच्या अनोळखी माणसाला उठवून प्रसाधनगृहात जावे लागू नये म्हणून पंधरा तास पाण्याचा घोट न घेणाऱ्या, आणि त्याच कारणास्तव जागेवरून न हलणाऱ्या, आज्या मी पाहिल्या आहेत. उतरताना त्यांचे पाय सुजलेले आणि डोके जड झालेले असते. दीर्घकाळ एका जागी बसल्याने पायातील रक्त गोठण्याचा धोका वाढतो; तेव्हा मुलांनी तिकीट काढतानाच आईला वाटेकडेची जागा मिळण्याची तजवीज करावी आणि तिला सांगून ठेवावे की, उठण्यात संकोच कसला? दर तासाला थोडे पाणी, आणि मद्य टाळणे, एवढे पुरे.

खरी कसोटी मुक्कामी पोहोचल्यावर लागते. शरीरात एकच घड्याळ नाही. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशाने लागते, पण यकृतासारख्या अवयवांची स्वतःची घड्याळे आहेत आणि ती मुख्यत्वे जेवणाच्या वेळांवरून लागतात. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लेकीच्या बाळंतपणासाठी उन्हाळ्यात न्यूजर्सीला गेलेले आईवडील संध्याकाळी सात वाजता जेवावयास बसतात, तेव्हा मुंबईत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. जठर आणि स्वादुपिंड दोन्ही झोपेत असतात, अन्नातील साखर रक्तात अधिक काळ रेंगाळते, आणि नेमके त्याच वेळी लेकीने हौसेने केलेले श्रीखंड पानात येते. उलट रात्री तीन वाजता वडिलांना टक्क जाग येऊन कडकडून भूक लागते, कारण मुंबईत दुपारचे साडेबारा, म्हणजे त्यांच्या जन्मभराच्या जेवणाची वेळ झालेली असते. त्या भुकेला बळी पडून पोळीभाजी खाल्ली की पोट मुंबईच्याच वेळेला चिकटून राहते. त्या वेळी फार तर कपभर दूध किंवा एखादे केळे घ्यावे. उजाडताच बाहेर उन्हात फिरून यावे आणि मग पोटभर न्याहरी करावी. दुपारचे जेवण चांगले, रात्रीचे अगदी माफक. शरीर दिवसाकाठी साधारण एका तासाने जुळवून घेते. पूर्वेकडे येताना, म्हणजे परतीच्या वेळी, त्याहूनही सावकाश. तेव्हा पहिल्या आठवड्यात पाहुणचाराच्या जेवणावळी ठेवू नयेत, ही विनंती जावईबापूंना आणि लेकीलाही आहे.

मधुमेह असलेल्यांना हे सारे अर्धेच उपयोगी पडेल. पश्चिमेकडे जाताना त्यांचा दिवस लांबतो आणि पूर्वेकडे येताना आखडतो, त्यामुळे इन्शुलिनच्या मात्रा आणि जेवणाच्या वेळा यांचा मेळ निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा लागतो, आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावी लागतात. तो मजकूर पुढील आठवड्यात.