‘अंतर’ म्हणजे नेमकं कुठलं अंतर?

संशोधन आराखड्यात ‘अंतर’ हा चल आला की बरेच जण नकाशावरून एक आकडा उचलतात आणि पुढे जातात. पण अंतर कशाचं? सरळ रेषेचं, रस्त्याचं, की लागणाऱ्या वेळेचं?

आधी दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण घेऊ, तिथे फरक स्वच्छ दिसतो. जोहान्सबर्ग ते केपटाऊन हवाई अंतर सुमारे १,२७० किमी, रस्त्याने जवळपास १,४०० किमी. विमानाला साधारण २ तास १० मिनिटं लागतात. आता आपल्याकडे या. मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हवाई अंतर सुमारे २८० किमी आणि वेळापत्रकातली वेळ साधारण १ तास. म्हणजे अंतर साडेचार पट, वेळ मात्र दुपटीहून थोडीच जास्त!

अंतराला वेळेने भागलं तर पहिल्या प्रवासाचा वेग ताशी ५८५ किमीच्या आसपास येतो, दुसऱ्याचा २८०. विमान काही महाराष्ट्रात हळू उडत नाही. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, उतरताना वळसा घेणं, हा खर्च जवळच्या प्रवासालाही जवळजवळ तेवढाच पडतो. दोन्ही प्रवासांतला फरक बघा: ९९० किमीला ७० मिनिटं, म्हणजे ताशी ८५० किमी. या वेगाने २८० किमीला २० मिनिटं पुरतात. उरलेली ४० मिनिटं स्थिर. (दोन बिंदूंतून रेषा जातेच, त्यामुळे याला मॉडेल म्हणू नका. पण समाश्रयणात स्थिरांक का ठेवायचा, ते यातून कळतं.) शिवाय केपटाऊनहून परतताना पश्चिमी वाऱ्यांमुळे वेळ थोडा कमी लागतो. अंतर तेच, दिशा बदलली की वेळ वेगळी.

आता दिंद्रुड, तालुका माजलगाव. बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. बीड ते संभाजीनगर रस्त्यानेच सव्वाशे किमीच्या आसपास, आणि दिंद्रुडकराला आधी विमानतळ गाठायचाय. त्याच्या हिशोबात मुंबईच्या विमानाचा एक तास म्हणजे सगळ्यात छोटा तुकडा.

खरा प्रश्न विमानाचा नाहीच. समजा तुमचा विषय ग्रामीण आरोग्यसेवेची पोहोच आहे आणि तुम्ही प्रत्येक दवाखान्याभोवती ५ किमीचं वर्तुळ काढलंत. माजलगाव तालुक्यात सिंदफणेवर धरण आहे. फुगवट्यापलीकडचं गाव वर्तुळात बसेल, पण बाळंतपणाला निघालेली गाडी पाण्यावरून जात नाही, वळसा घालूनच जाते. तुमच्या तक्त्यात ते गाव ‘सेवा उपलब्ध’ म्हणून नोंदलं जाईल आणि पुढे नव्या उपकेंद्राच्या यादीतून गळेल.

त्यामुळे रस्त्याचं अंतर भागिले सरळ अंतर हे गुणोत्तर काढून बघा. जोहान्सबर्ग–केपटाऊनला ते १.१ येतं. नदी किंवा जलाशय आडवा आला की ते कितीही वाढू शकतं, आणि नेमकी तीच गावं तुम्हाला शोधायची असतात.

एक तांत्रिक गोष्टही सांगतो. अक्षांश-रेखांशांवर थेट पायथागोरस लावू नका. दिंद्रुडजवळ रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किमी भरतो, केपटाऊनला सुमारे ९२. हॅवरसाइन सूत्र वापरा किंवा नकाशा आधी मीटरमधल्या प्रक्षेपणात आणा, मगच वर्तुळं काढा.