शस्त्रक्रियेनंतरचे आतडे आणि चोविहार

मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ निघाली की कुटुंबाला संकट टळल्यासारखे वाटते. रुग्णाची परीक्षा मात्र पुढे सुरू होते. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयामुळे मराठवाड्यातील रुग्णाला प्रत्येक उपचारासाठी मुंबई गाठावी लागत नाही. परंतु घरी परतल्यावरचे पथ्य घरानेच सांभाळायचे असते.

गुदाशय हा मल साठवणारा भाग. तो काढला किंवा आखूड झाला की साठवण उरत नाही. कधी तासाभरात तीन-चार वेळा शौचास जावे लागते, तेही तातडीने. गुलमंडीवर गल्ल्यावर बसणाऱ्या व्यापाऱ्याने गिऱ्हाईक समोर असताना उठावे कसे? मग तो दुकान टाळतो, लग्नकार्य टाळतो, 48 मिनिटांचे सामायिकही सोडतो. संकोचाने डॉक्टरांनाही सांगत नाही. वस्तुतः पहिल्या एक-दोन वर्षांत हा त्रास बहुधा कमी होतो. औषधे आणि कटिभागाच्या स्नायूंचे व्यायामही उपयोगी पडतात. काय खाल्ले आणि किती वेळा जावे लागले, याची रोज नोंद ठेवल्यास कोणता पदार्थ सोसत नाही, हे ध्यानात येते. मऊ भात आणि मुगाचे वरण थोडे थोडे घेणे बहुतेकांना मानवते.

सूर्यास्तापूर्वीचे जेवण अशा रुग्णाला हितकर ठरू शकते. रात्रीची झोप कमी मोडते. प्रश्न पाण्याचा आहे. मोठे आतडे रोज सुमारे एक ते दीड लिटर पाणी शोषून शरीराला परत देते. लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून पिशवी लावली असेल, तर ते पाणी व त्यासोबत मीठ बाहेर जाते. अशा वेळी निर्जळ उपवास किंवा चोविहार केल्यास चक्कर येते, पायांत गोळे येतात, लघवी गडद व कमी होते आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. दिवसा डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएस घ्यावे आणि रात्री पाणी लागत असेल, तर चोविहाराऐवजी तिविहाराचा विचार करावा.

यात व्रतभंगाची खंत नको. पच्चक्खाणातील आगारांमध्ये तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची सूट पूर्वापार आहे. गुरुमहाराजांना प्रकृती मोकळेपणाने सांगावी. घरातील ज्येष्ठांनीही 'यंदा उपवास नाही का?' असे चारचौघांत विचारू नये. रुग्णाचा संयम त्याच्या ताटात रोजच चाललेला असतो.